पणजीतील एक सशुल्क उपवास-कार्यक्रम: डबा उत्तम, रक्तचाचणी निरर्थक, पुढचे वर्ष बेवारस

वजन कमी करून देण्याचा दावा करणाऱ्या सेवा गोव्यात आता गल्लोगल्ली झाल्या आहेत. व्यायामशाळा, आहारसल्ला केंद्रे आणि घरपोच डबा देणारी स्वयंपाकघरे यांची मोट बांधून ‘संप्रेरकांवर आधारित उपवास’ या नावाने तीन महिन्यांचे कार्यक्रम विकण्याची पद्धत त्यांत सर्वांत नवी आहे. अशाच एका कार्यक्रमात मी श्रावणाच्या तोंडावर नाव घातले आणि तो शेवटपर्यंत पूर्ण केला. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा मी सांगणार आहे त्या कमीअधिक प्रमाणात या साऱ्या धंद्याच्याच आहेत आणि एकीला चव्हाट्यावर आणून बाकीच्यांना मोकळे सोडणे न्याय्य नाही. उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे माहितीपत्रकातील प्रत्येक वाक्य तपासून पाहण्याची खोड मला आहे, हे वाचकांनी आधीच गृहीत धरावे.

शुल्क १८,००० रुपये. त्यात सुरुवातीची रक्तचाचणी, मोबाइलवरील ॲप, आहारतज्ज्ञांची आठवड्याला एक भेट आणि आठवड्याचे पाच दिवस दुपारचा डबा इतक्या गोष्टी येतात. डबा पणजी आणि पर्वरी भागात घरपोच मिळतो. फोंडा, म्हापसा वा मडगावच्या सभासदांनी तो येऊन न्यायचा असतो, म्हणजे व्यवहारात न्यायचा नसतोच. खाण्याची मुभा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, उरलेले सोळा तास पाणी, बिनसाखरेचा चहा आणि मीठ घातलेले ताक.

आधी डब्याविषयी सांगते, कारण या पैशांत खरोखर काही मिळत असेल तर ते तोच आहे. श्रावणात वाटीभर उकड्या तांदळाचा भात, मुगागाठी, भरपूर तांबडी भाजी आणि बिनसाखरेची सोलकढी असा साधा बेत असे. मधूनच अळसांद्यांचे तोणाक (चवळीची रस्साभाजी) आणि एक पोई (गोव्यातला पाव). श्रावण सरल्यावर बांगड्याची उड्डामेथी किंवा भाजलेले तारले आले. नारळ घातलेला होता, पण हात राखून. तेल जवळजवळ नव्हतेच, आणि तरीही जेवण आजाऱ्याच्या पथ्यासारखे लागत नव्हते. वजन कमी करण्याच्या नावाखाली ओट्स आणि परदेशी बिया गळ्यात मारण्याची जी पद्धत इतरत्र दिसते, तिला या स्वयंपाकघराने थारा दिलेला नाही, याबद्दल त्या स्वयंपाकिणींचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

या बेतामागे शास्त्रही भक्कम आहे. रिकाम्या जठरातून, मुख्यतः त्याच्या वरच्या फुगीर भागातून, घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते आणि ते मेंदूतील हायपोथॅलॅमसला भुकेची वर्दी देते. १९९९ साली जपानमधील मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते शोधून काढले. जेवणाआधी घ्रेलिन चढते आणि जेवणानंतर उतरते. पण किती काळ उतरलेले राहते हे ताटात काय आहे यावर बरेच अवलंबून असते. नुसत्या पिष्टमय पदार्थांनी ते झपाट्याने खाली येते आणि काही तासांत पुन्हा उसळी घेते, कित्येकदा पहिल्या पातळीच्याही वर जाते. प्रथिनांनी ते अधिक वेळ दबून राहते. शिवाय प्रथिने आतड्यातील पीवायवाय या तृप्तीच्या संप्रेरकाला अधिक जोराने जागवतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊनही दोन-तीन तासांत पोटात कावळे का ओरडू लागतात, याचा उलगडा येथे होतो, आणि मूग-बांगड्याच्या डब्यावर संध्याकाळपर्यंत सहज निभावते याचाही. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे पहिल्याच भेटीत नेमक्या शब्दांत समजावून सांगितले. त्या वयाने लहान असल्या तरी आपल्या विषयात पक्क्या आहेत, आणि संस्थेच्या जाहिरातीत त्यांचा हात नाही हे त्यांच्या बोलण्यावरून लगेच कळते.

माहितीपत्रकाची भाषा मात्र निराळी आहे. तिथे ठळक अक्षरांत छापले आहे की सोळा तासांच्या उपवासाने ‘भुकेचे संप्रेरक कायमचे खाली येते’. हे विधान अर्धवटही खरे नाही, आणि या संपूर्ण कार्यक्रमाचा पाया त्यावरच रचलेला असल्यामुळे त्याकडे थोडे बारकाईने पाहणे भाग आहे.

उपवासात घ्रेलिनचे जे होते ते या विधानापेक्षा कितीतरी मनोरंजक आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या युरोपीय अभ्यासात निरोगी माणसांना ३३ तास उपाशी ठेवून त्यांचे रक्त ठरावीक अंतराने तपासले गेले. न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांच्या नेहमीच्या वेळांच्या सुमारास घ्रेलिन चढले आणि पोटात काहीही न जाता आपोआप उतरलेही. म्हणजे जेवायची वेळ टळली तर भूक तासागणिक वाढतच जाते ही आपली समजूत या मोजणीला धरून नाही. घ्रेलिन सवयीच्या वेळा ओळखते. माझ्या बाबतीत ही गोष्ट रात्री नऊला ठळकपणे जाणवली. आमच्या घरी रात्रीचे जेवण वर्षानुवर्षे नऊला. त्यामुळे सहालाच जेवण उरकलेले असूनही सुरुवातीला नऊच्या ठोक्याला तोंडाला पाणी सुटायचे, शेजारच्या तळलेल्या मोरींचा (शार्क माशांचा) वास तर असह्य व्हायचा, आणि दहाच्या सुमारास सगळे आपोआप शांत व्हायचे. पुढे ती नऊची भूक हळूहळू बोथट झाली. ॲपवर त्याच वेळी ‘थोडा धीर धरा, ही भूक ओसरेल’ अशी सूचना येते. ती सूचना शास्त्राला धरून आहे आणि उपयोगीही पडते. ॲपच्या बाकीच्या भागाबद्दल, म्हणजे रंगीत वर्तुळे, पदके आणि अभिनंदनाचे फुगे यांबद्दल, काही लिहिण्यासारखे नाही.

खाण्याच्या वेळा दिवसाकडे सरकवण्याच्या निर्णयालाही आधार आहे. बॉस्टनमधील संशोधकांनी २०२२ साली १६ जणांवर केलेल्या प्रयोगात तेच अन्न चार तास उशिरा दिले असता जागेपणीची भूक वाढली, तृप्तीचे काम करणारे लेप्टिन घटले आणि ऊर्जेचा खर्चही काहीसा कमी झाला. गोव्यात रात्री साडेनऊ-दहाला भरपेट मासळी-भात जेवून आडवे होण्याची जी सर्वसाधारण रीत आहे तिच्याशी हा निष्कर्ष ताडून पाहावा. सोळा तास की चौदा तास, या आकड्याच्या वादापेक्षा संध्याकाळचे जेवण लवकर आटोपण्यात अधिक हशील आहे असे माझे मत झाले आहे.

आता रक्तचाचणीकडे वळते. शुल्कातील ४,५०० रुपये या चाचणीचे आहेत, हे पावतीवर स्वतंत्रपणे लिहिलेले असते. घ्रेलिन, लेप्टिन आणि उपाशीपोटीचे इन्शुलिन अशी तीन मापने त्यात येतात. सकाळी साडेआठला रक्त घेतले गेले. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली नळी स्वागतकक्षाच्या टेबलावरील लाकडी खाचेत, फुलदाणीच्या शेजारी, इतर नळ्यांबरोबर उभी करून ठेवली गेली, आणि नमुने नेणारा मुलगा आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्याने त्या सगळ्या एका साध्या कापडी पिशवीत घातल्या आणि स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून तो निघून गेला. बर्फ नाही, थंड डबा नाही. ज्यांनी घ्रेलिनविषयी थोडेही वाचले आहे त्यांना यातला घोटाळा सांगायला नको. घ्रेलिनच्या रेणूला एक मेदाम्लाची शेपटी जोडलेली असेल तरच ते भुकेच्या केंद्रावर काम करते, आणि ही शेपटी रक्तातील विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) लवकर तुटते. म्हणून संशोधनशाळेत नमुना घेताक्षणी त्यात विकररोधक द्रव्य घालतात, तो थंड ठेवतात आणि रक्तद्रव वेगळा करून त्यात आम्ल मिसळतात. यांपैकी काहीही न करता आलेल्या आकड्यापुढे लाल बाण काढून ‘घ्रेलिन: उच्च’ असा शेरा मारलेला अहवाल माझ्या हाती पडला.

नमुना नीट हाताळला असता तरी एका वेळच्या घ्रेलिनवरून काहीही ठरवता येत नाही. जे संप्रेरक दिवसातून अनेकदा चढते-उतरते, जे अपुऱ्या झोपेनेही हलते, त्याचे सकाळी साडेआठचे एक माप काय सांगणार? लेप्टिन त्यामानाने स्थिर असते, पण ते मुळात मेदपेशींतून येते आणि साधारणपणे शरीरातील चरबीच्या प्रमाणात असते. ज्याच्या अंगावर चरबी अधिक त्याचे लेप्टिन अधिक, एवढेच ते सांगते. ते काम शिंप्याच्या टेपनेही होते. भारतीयांसाठी पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर या मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि टेप पंचवीस-तीस रुपयांत मिळते. मी अहवाल घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले आणि यावरून माझ्या आहारात काय बदलणार असे विचारले, तेव्हा त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “खरं सांगू का मॅडम, हा रिपोर्ट पॅकेजमध्ये येतो. त्याच्यावरून आम्ही कुणाचाच डाएट बदलत नाही.” इतक्या प्रामाणिक उत्तरानंतर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, वाद व्यवस्थापकांशी होता आणि तो मी घातला.

संस्थेच्या भिंतीवर पहिल्या पंधरवड्यात तीन-चार किलो उतरलेल्या सभासदांची छायाचित्रे लावलेली आहेत. वजन उतरले असेल, त्याविषयी शंका नाही. शंका आहे ती काय उतरले याविषयी. उपवास सुरू झाला की इन्शुलिन खाली येते, त्याच्या उलट काम करणारे ग्लुकॅगॉन वर जाते आणि यकृतातील ग्लायकोजेनचा (साठवून ठेवलेल्या साखरेचा) साठा वापरला जाऊ लागतो. हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा असतो आणि पूर्ण उपवासात साधारण एका दिवसात बराचसा संपतो; स्नायूंत त्याहून मोठा साठा असतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, आणि इन्शुलिन उतरल्यावर मूत्रपिंडे मीठ व पाणीही अधिक सोडतात. पहिल्या पंधरवड्यातील उताराचा मोठा वाटा असा पाण्याचा असतो आणि चार दिवस नेहमीसारखे जेवल्यावर तो मुकाट्याने परत येतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातील छायाचित्रे भिंतीवर नाहीत, ही गोष्ट बोलकी आहे.

‘उपवासाने चयापचय वेगवान होतो’ हे पत्रकातील दुसरे ब्रीद. आमच्या शेजारच्या काकींचे म्हणणे नेमके उलट: उपाशी राहिले की चयापचय बंद पडतो आणि माणूस अधिकच फुगतो. दोघांच्याही बोलण्यात एकेक धागा खरा आहे. व्हिएन्नात सडपातळ, निरोगी माणसांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च घटण्याऐवजी थोडा वाढलेला आढळला, आणि त्याबरोबर शरीराला सज्ज करणारे संप्रेरक नॉरॲड्रेनलिनही रक्तात वाढलेले होते. तेव्हा एका दिवसाच्या एकादशीने चयापचय मुळीच बंद पडत नाही. पण ही वाढ थोडकी आणि थोड्या दिवसांची असते. आठवडेच्या आठवडे खाणे कमी राहिले की चित्र पालटते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. म्हणजे शरीर जेवढे लहान झाले त्याहून अधिक काटकसर त्याने केली. पुन्हा पोटभर जेवू लागल्यावरही त्यांपैकी कित्येकांची भूक बराच काळ भागेना.

या काटकसरीचा हुकूम देणाऱ्यांत लेप्टिन प्रमुख आहे. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत त्याचे जनुक सापडले तेव्हा लठ्ठपणावर रामबाण औषध सापडले अशीच अनेकांची समजूत झाली. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, मेंदू त्याला दाद देत नाही एवढेच. ज्या थोड्या लोकांत ते जन्मतःच तयार होत नाही, त्यांना मात्र बाहेरून दिल्यावर विलक्षण गुण येतो. उपवासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की काही दिवस खाणे तुटले की चरबी फारशी उतरण्याआधीच लेप्टिन झपाट्याने उतरते. १९९६ मध्ये उपाशी उंदरांना बाहेरून लेप्टिन पुरवून पाहिले गेले, तेव्हा त्यांच्यात उपासमारीने होणारी थायरॉइड आणि प्रजनन-संप्रेरकांची घसरण बरीच सौम्य झाली. अर्थ उघड आहे: अन्न तुटले ही खबर मेंदूला लेप्टिनच्या उतरण्यातून मिळते आणि मग तो खर्चाला कात्री लावतो, भूक वाढवतो.

आणि ही वाढलेली भूक वजन उतरल्यावर दोन-चार आठवड्यांत निवत नाही. मेलबर्नमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० लठ्ठ वा जादा वजनाच्या लोकांना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार दिला. त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरले, लेप्टिन आणि पीवायवाय घटले, घ्रेलिन वाढले, भूक वाढली. आणि एका वर्षानंतर, थोडे वजन परत चढलेले असतानाही, या बदलांपैकी बहुतेक कायम होते. त्याआधी २००२ साली अमेरिकेत आहाराने वजनाच्या १७ टक्के उतरवलेल्या लोकांत दिवसभराचे एकूण घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलेले आढळले होते. तिथल्या दूरचित्रवाणीवरील वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांनी उतरवलेल्यातले बरेचसे वजन परत मिळवले होते, आणि तरीही त्यांचा विश्रांतीचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच होता. ‘कायमचे खाली येते’ या छापील वाक्यासमोर हे आकडे ठेवून पाहावेत. वजन उतरलेल्या माणसाचे घ्रेलिन वर जाते, आणि नेमके तेव्हाच संस्थेचे शुल्क संपलेले असते.

या कार्यक्रमाविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे. तीन महिने हे काम सुरू करायला पुरतात. खरी ओढाताण चौथ्या महिन्यापासून पुढचे वर्षभर असते, आणि त्या काळासाठी संस्थेकडे काहीही नाही. मी विचारले तेव्हा पूर्ण शुल्क भरून नव्याने नाव घालता येईल असे सांगण्यात आले. महिन्याला एक भेट, वजनाची नोंद आणि हवा असल्यास आठवड्याला दोन डबे, इतके जरी माफक दरात वर्षभर दिले, तर मी स्वतः चार जणांना पाठवीन.

पुढची कसोटी कशी असते याची चुणूक कार्यक्रमातच चतुर्थीने दाखवली. श्रावणात शिवराक (मासळी-मटण वर्ज्य) पाळणाऱ्या घरांत उपवास खपवणे सोपे असते; त्यानंतर येणाऱ्या चतुर्थीत नेवऱ्या, पातोळ्या, मोदक, खतखते आणि आल्यागेल्याच्या हातावर ठेवायचा फराळ यांचे काय, हा प्रश्न पणजीत बसलेल्या माणसाला आधी सुचायला हवा होता. प्रत्यक्षात त्या दिवसांत ॲपची घंटा नेहमीच्या वेळी वाजत राहिली, संस्थेच्या स्वयंपाकघराने रीतसर सुट्टी घेतली आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर, जिथे एरवी पहाटेपासून वजनकाट्याचे फोटो पडायचे, तिथे गणपतीच्या शुभेच्छांखेरीज काही दिसेना. सासष्टीतील एका सभासद बाईंनी नंतर सांगितले की लेन्टमधले (ईस्टरपूर्वीच्या व्रतकाळातले) उपास त्या लहानपणापासून करत आल्या आहेत, पण ईस्टरच्या मेजवानीनंतर काय करायचे हे कोणी शिकवले नाही. सण चुकवता येत नाहीत. सणानंतरचा सोमवार कसा हाताळायचा हे शिकवणारा एक पान मजकूर जरी संस्थेने दिला असता तरी पुष्कळ झाले असते.

उपवासाची ही पद्धत मोजूनमापून खाण्यापेक्षा श्रेष्ठ आहे का, असे मला बरेच जण विचारतात. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेली आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत निर्णायक नसली तरी वजनदार आहे. दोन्ही गटांना सारखेच कमी उष्मांक दिले. एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खायचे होते. वर्षअखेर पहिल्या गटाचे सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने गणण्याजोगा नव्हता. तेव्हा घड्याळ लावून जेवणे हा कमी खाण्याचा एक सोयीचा मार्ग आहे. ज्याला ताटातील घास मोजण्यापेक्षा दार बंद करणे सोपे जाते त्याने तो धरावा. ऑटोफॅजी (पेशीने आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरणे) आणि तिच्यासाठीचे २०१६चे नोबेल यांचा पत्रकातील उल्लेख वजनाशी जोडू नये. योशिनोरी ओसुमी यांनी ते काम यीस्टच्या पेशींवर केले होते, सोळा तासांच्या उपवासाने किती किलो उतरतात यावर नव्हे.

स्वागतकक्षात ‘नैसर्गिक जीएलपी-१’ अशी चिठ्ठी लावलेली पाकिटेही विकायला ठेवलेली आहेत, ९०० रुपयांना महिन्याभराची. घटकांची यादी वाचली तर त्यात इसबगोल, थोडी दालचिनी आणि लिंबाचा स्वाद एवढेच सापडते. जीएलपी-१ हे आतड्याच्या अस्तरातील पेशी जेवणानंतर सोडतात ते तृप्तीचे संप्रेरक. तंतुमय पदार्थांनी त्याला थोडी चालना मिळत असेल, पण त्याची नक्कल करणारी जी इंजेक्शने २०२५ पासून वजनासाठी म्हणून भारतात मिळू लागली, त्यांच्या पंक्तीला इसबगोल बसवणे ही शुद्ध बनवाबनवी आहे. त्या इंजेक्शनांचीही कथा शेवटी भुकेपाशीच येऊन थांबते: त्यांतलेच एक औषध, सेमाग्लुटाइड, बंद केलेल्या लोकांनी वर्षभरात उतरवलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत मिळवल्याचे चाचणीत दिसले आहे. इसबगोल हवे असल्यास कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यावे.

ज्यांची प्रकृती एरवी ठीक आहे, कमरेचा घेर वाढला आहे आणि घरी वेगळा स्वयंपाक करणे जमत नाही, अशा पणजी-पर्वरीतील नोकरदारांना हा कार्यक्रम मी सुचवीन. चाचणी नको असे आग्रहाने सांगावे. माझ्यानंतर नाव घातलेल्या एका बाईंना ती वगळून १३,५०० रुपयांत प्रवेश मिळाला आहे, म्हणजे ती सक्तीची नाही.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र आजच्या घडीला येथे जाऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. अशा राज्यात उपवास विकणाऱ्याने पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारायला हवा. आमच्या अर्जात वय, वजन आणि ‘काही आजार आहे का’ एवढेच होते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने मात्रा न बदलता सोळा तास काही खाल्ले नाही तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्यांवर दीर्घ उपवास केला तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्ले साचण्याचा धोका असतो. आमच्या तुकडीतील म्हापशाचे एक गृहस्थ ग्लिमेपिराइड घेत असत; एका सकाळी त्यांना संस्थेच्या जिन्यातच दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि कोणीतरी धावत जाऊन समोरच्या टपरीवरून साखर घातलेला चहा आणला म्हणून निभावले. त्यानंतर अर्जात औषधांचा रकाना आला आहे, परंतु त्यावर डॉक्टरांची सही लागत नाही आणि तो कोण वाचतो हेही कळत नाही. घ्रेलिनच्या चाचणीवर जाणाऱ्या पैशांत आठवड्यातून एक सकाळ मधुमेहतज्ज्ञांना बसवता येईल, असे मी व्यवस्थापकांना लेखी कळवले आहे.